दोन ट्रॉल्यांचं वाक्य

संकेश्वरात, खताच्या दुकानाच्या माडीवर
सात ते साडेआठ
मी इंग्रजी शिकवतो.
खालून युरियाचा वास जिन्यानं वर येतो
आणि पहिल्या बाकावर बसतो, फी न भरता.

इंग्रजीतला ‘ही’ बाप्या, आपली ‘ही’ बाई,
पहिला महिना यातच गेला.

काल फळ्यावर लिहिलं:
‘ही मस्ट स्टिल हॅव बीन वेटिंग.’
मागं सरकून बघितलं तर मलाच धाप लागली.
चार क्रियापदं एकामागं एक,
कामाचं त्यातलं शेवटचं,
बाकीची नुसती ओढायला.

भरमा म्हणाला, ‘सर, हा आमचा ट्रॅक्टर की.’
भरमा कारखान्याला ऊस ओढतो.
उठला, खडू घेतला,
‘मस्ट’च्या खाली मोठं चाक काढलं.
‘हॅव’ पहिली ट्रॉली, ‘बीन’ दुसरी,
‘वेटिंग’ म्हंजे ऊस.
‘आणि ‘ही’?’
‘ड्रायवर की. त्याच्याबिगर हलतंय काय?’

‘आमच्यात हलतंय,’ मलप्रभा मागून म्हणाली.
‘वाट बघत बसला असंल. झालं.
कोण, ते शेपटीत कळतंय.’

आणि ‘स्टिल’?
ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे, हुकावर,
पाय खाली सोडून बसलेलं पोरगं.
तिथं बस म्हणून कुणी सांगत नाही,
खरं रोज बसतंय.
पडलं तरी वाक्य थांबत नाही.
माणूस वाट बघत होता, एवढं कारखान्याला पोचतं.
अजून बघत होता,
हे उसाच्या कांडक्यागत रस्त्यात सांडतं.

हे वाक्य पुस्तकातलं नव्हतं.
घटप्रभा स्टेशनावर मी एकाला
थांब, आलोच म्हणालो होतो,
आणि गेलो नाही.
वर्गात ‘ही’ म्हंजे कोण, कुणी विचारत नाही.
बरं असतं.

मग शमशादनं वही पुढं केली.
‘वी हॅव ऑल्वेज लिव्ड हिअर.’
‘बरोबर हाय, सर?’
बरोबर होतं. ‘ऑल्वेज’ हुकावर नीट बसलं होतं,
घट्ट धरून.
‘खरं सर, हे ‘वी’ म्हंजे आम्ही, का आपण?’

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

बसगोंडा म्हणाला, ‘आमच्यात एकच. नावु.’
‘मग त्या नावुत मी हाय का न्हाई,
कसं कळतंय?’
‘म्हणणाऱ्याच्या तोंडाकडं बघून.’
सगळे हसले. शमशाद जरा उशिरा हसली.

मी फळ्याकडं वळलो, पुसायला काही नव्हतं
तरी पुसलं.
आमच्या भाषेत या घराला दोन दारं,
त्यातल्या एकाला आतून कडी.
कोणतं दाखवू?
तिच्या आज्यानं विहीर कुठल्या साली खणली,
ते तिला पाठ आहे; मला नाही.
वहीत बरोबरची खूण केली,
खालची अर्थाची ओळ कोरी सोडली.
‘उद्या बघू,’ म्हणालो.
यातही कर्ता नव्हता, हे तिच्या लक्षात आलं असणार.

साडेआठला खाली उतरलो.
हुक्केरीची शेवटची गाडी उभी,
पाटी कन्नडात,
आत जागेवरनं भांडण दोन्हीत.
मलप्रभा चढली, बसगोंडा, मग शमशाद,
माझा एक पाय अजून खाली.
कंडक्टरनं मागं वळून बघितलं,
आम्ही का आपण, नी का तू, काही न विचारता
पत्रा दोनदा थोपटला:
‘राइट!’

क्रियापद नाही, कुणाचं नाव नाही,
आणि गाडी हलली.